हिरव्या शाईतले शेवट

मंठ्याच्या वाचनालयाचे ग्रंथपाल कुणालाच नावानं हाक मारायचे नाहीत. एसटीचा कंडक्टर आला तरी "या वाचक", तहसीलमधले साहेब आले तरी "या वाचक", आणि कडेवर लेकरू घेऊन मासिक बदलायला आलेली बाईही वाचकच. माझं कार्ड त्यांनीच लिहिलं होतं, म्हणजे नाव त्यांना ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांत एकदाही ते त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मीही त्यांचं नाव इथं घेत नाही.

उंच माणूस, खांदे जरा पुढं आलेले, अंगात बारा महिने बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर. वर पत्रे, बाहेर मे महिना, आणि हे स्वेटरात. विचारलं तर म्हणायचे, "कपाटाजवळ गारवा राह्यतो, वाचक. तुमाला न्हाई कळायचं." पुस्तकांना सिमेंटच्या पिशवीच्या कागदाची कव्हरं घालायचे. कुणी पानाचा कोपरा दुमडला तर त्या माणसाला बाकावर बसवून हातात गरम पाण्यानं भरलेली स्टीलची वाटी द्यायचे. "घडी तुमी घातली, तुमीच काढा." मग तो माणूस वाटीच्या बुडानं पान दाबत बसायचा. तालुक्यातली बरीच मोठी माणसं मी त्या बाकावर वाटी घेऊन बसलेली पाहिली आहेत.

पुस्तक परत करताना ते "कसं वाटलं" असं विचारत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला: "कुणाची काळजी लागली?" याचं उत्तर दिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळत नसे. "कुणाचीच नाही" म्हणालं, तर तेच पुस्तक पुन्हा हातात.

ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं. मी तेवीस वर्षांची, नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागलेली. गाव पिंपळगाव रेणुकाई, घरी शेती. मंठ्यात माझ्यासोबत सुमन नावाची गणिताची बाई लागली होती. ती अंबडची, बौद्ध घरातली, तिचे वडीलही शिक्षक. एकट्या बाईला कुणी खोली देत नव्हतं, दोघी एकत्र गेलो तर लगेच मिळाली. तेलाच्या घाण्यामागं, एक खिडकी, बाहेर कडुनिंब. पहिल्या सहा महिन्यांतच मला कळून चुकलं होतं की सुमन दोन दिवस अंबडला गेली की मला जेवण जात नाही. याला काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. विचारणार कुणाला?

त्या दिवसांत मी वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली. दोन मैत्रिणींची. तीनशे पानं दोघी एकमेकींसाठी जीव टाकतात, मग एकीचं लग्न ठरतं आणि दुसरी नदीत जाते. शेवटचं छापील पान वाचून मी नाक पुसलं आणि पुस्तक मिटायला गेले, तर पुढं अजून पानं होती. वहीची रेघी पानं, खळीनं नीट चिकटवलेली, त्यावर हिरव्या शाईत बारीक, सरळ अक्षर. वर लिहिलं होतं : 'दुसरा शेवट'.

या शेवटात ती नदीपर्यंत जाते, पाण्यात पाय घालून बसते, भूक लागते म्हणून परत येते. लग्न ठरलेली मैत्रीण दारातच उभी असते. दोघी तालुक्याला जाऊन पिठाची गिरणी टाकतात. मग सहा पानं नुसती गिरणीची. पट्टा कोण चढवतं, ज्वारी कोण मोजतं, एकीला खोकला झाला तर दुसरी तोंडाला फडकं बांधून दोन्ही कामं कशी करते. आणि एक वाक्य असं : 'गावानं वर्षभर त्यांना बहिणी म्हटलं, मग सवयीनं काहीच म्हटलं नाही.'

सुमन माझ्या शेजारी वह्या तपासत बसली होती. तिनं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि पुस्तक तिच्या पुढ्यात सरकवलं. ती फक्त हिरवी पानं वाचत राहिली. वाचून झाल्यावर तिनं लाल पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "गिरणीचा आवाज फार असतो. आपण दुसरं काहीतरी बघू."

आमच्यात झालेलं बोलणं ते एवढंच. पुढं कधी वेगळं बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला गेले. "कुणाची काळजी लागली?" मी म्हटलं, "दोघींचीही." मग धीर करून विचारलं, "ती हिरवी पानं तुम्ही लिहिलीत?"

"सुरुवातीला पानं फाटून गेल्ती," ते म्हणाले. "पुस्तक जुनं, शेवटच न्हाई. लोकं भांडायला यायचे. मंग मी बसलो आन् लिहून टाकलं. नंतर नवीन पुस्तकं आली, त्यायचे शेवट शाबूत होते. पण वाचून राह्यलो तर मला पटंना."

"काय पटेना?"

त्यांनी खुर्ची ओढली. "वाचक, मी तीस वर्सं वाचून राह्यलो. दोन बायांचा जीव एकमेकीवर असला की एक मरती. मेली न्हाई तर याडी होती. दोन गडी असले तर एक मुंबईला जातो, तिथून त्याचं पत्र येत न्हाई. आन् तिघं असले, तर एकाला हिरीत ढकलतात. किती हिरी भरल्या पाह्या या कपाटात! माणसाचं काय करावं कळंना की लेखक लोकं त्याला मारून मोकळे होतात. माझं म्हणणं इतकंच, की आधी त्याला विचारून तर पाह्यचं."

त्यांचं सगळं या विचारण्यावर होतं. एकदा मी वाद घातला. त्यांनी एका कादंबरीला असा शेवट लावला होता की दोन मित्र आणि एक बाई, तिघं एका घरात राहतात. मी म्हटलं, "आपल्याकडं दोन बायका करणारे पाटील काय कमी आहेत? तुमच्या तिघांत नवीन काय?"

"पहिलीला विचारल्तं का पाटलानं?"

"नाही."

"दुसरीला?"

"तिलाही नाही."

"मंग! माझ्या पानात विचारण्यातच चार पानं जातात. ती दोघायला विचारती, ते दोघं एकमेकाला विचारतात. एकजण तर आठ दिस जबाबच देत न्हाई. त्याला कुणी घाई करत न्हाई. बिलकुल न्हाई."

खरोखरच त्या आठ दिवसांचं एकेक पान होतं. तो माणूस आठही दिवस बैलाचं शिंग रंगवत बसलेला.

हळूहळू गावात या पानांचे वाचक तयार झाले. "यात हिरवं हाय का?" असं लोक दारातूनच विचारू लागले. जालना-मंठा गाडीवरचा कंडक्टर एकदा पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, "लायब्ररीवाले, तिघायचं मला काय पटलं न्हाई. पण तीन दिस तिकिटं फाडता फाडता त्याच्यावरच इचार करून राह्यलो."

"कुणाची काळजी लागली?"

"त्या बैलवाल्याची."

ग्रंथपालांनी मान हलवली आणि त्याला पुढचं पुस्तक दिलं.

माझा मोठा भाऊ मला न्यायला आला, तेव्हा मी वाचनालयातच होते. पाहुणे बघायला येणार, उद्या सकाळी पिंपळगावला पाहिजेस, असा निरोप घेऊन तो आला होता. दारात उभा राहूनच बोलला. ग्रंथपालांनी कव्हर घालता घालता वर पाहिलं.

"पाव्हणे, तिला विचारलं का?"

भाऊ गोंधळला. "विचारायचं काय त्याच्यात? स्थळ चांगलं हाय. पोरगा पाटबंधाऱ्यात हाय."

"बराबर. पण तिला विचारलं का?"

"तुमी कोण?"

"मी कव्हर घालतो," ते म्हणाले, आणि पुन्हा खाली मान घालून कागदाला घडी घालू लागले.

गाडीत भाऊ सारखा म्हणत होता, "माणूस जरा सरकेल दिसतो." मी खिडकीतून बघत होते. भोकरदन मागं पडलं तेव्हा त्यानं, कशामुळं कोण जाणे, समोर बघतच विचारलं, "तुला करायचं नाही का?" मी म्हटलं, "नाही." तेवीस वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा काही विचारलं होतं आणि मी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं होतं. घरी पुढं महिनाभर रडारड झाली, वडील वर्षभर बोलले नाहीत. पण पाहुणे परत गेले, ते भावानं सांगितलं म्हणून.

तक्रार झाली ती दोन-तीन वर्षांनी. वाचनालयाच्या समितीवर एक निवृत्त मुख्याध्यापक होते. सभ्य गृहस्थ, धोतर पांढरंशुभ्र. त्यांच्या सुनेनं ती तिघांची कादंबरी घरी नेली होती आणि ती यांच्या हाती पडली. बुधवारी संध्याकाळी वाचनकक्षात बैठक ठेवली गेली. वीस-पंचवीस सभासद आले. मी आणि सुमन मागच्या बाकावर होतो.

मुख्याध्यापक उभे राहिले. "मी काही बोलत नाही. फक्त वाचतो. तुम्हीच ठरवा." आणि त्यांनी हिरवं पान वाचायला सुरुवात केली. "'ती म्हणाली, मला तुम्ही दोघंही हवेत. पण तुमचं एकमेकांशी काय आहे, ते आधी तुम्ही ठरवा. माझ्यासाठी म्हणून काही करू नका.'"

लोक हसले. कुणीतरी मागून शिट्टी मारली. ग्रंथपाल स्वेटरच्या खिशात हात घालून कपाटाला टेकून उभे होते. हसू थांबल्यावर ते म्हणाले, "सर, 'दोघंही हवेत'च्या नंतर पूर्णविराम हाय. तिथं जरा थांबायचं असतं. ती घाबरेल हाय ना."

पुन्हा हशा झाला. मुख्याध्यापकांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला लाज वाटत नाही? मुली-बाळी इथं येतात. बाया-बायांचं काय, गड्यागड्यांचं काय! असं जगात कुठं असतं का?"

 ग्रंथपालांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं. माझ्याकडंही पाहिलं, पण थांबले नाहीत. जशी कपाटावरून नजर जाते तशी ती माझ्यावरून गेली.

मी उठून बोलायला हवं होतं. असं असतं सर, मी सांगते, एवढं तरी. पण शेजारी सुमन बसली होती, आमचे गुडघे एकमेकींना लागलेले होते, आणि मी काय केलं, तर गुडघा बाजूला घेतला. तेवढंच केलं. सुमननं माझ्याकडं बघितलंही नाही.

ठराव झाला. सगळी हिरवी पानं काढून टाकायची.

ती त्यांनी स्वतःच काढली. चार दिवस वाचनालय बंद ठेवून, ओलं फडकं लावून, खळ मऊ करून, दाढीच्या पात्यानं एकेक पान सोडवलं. एकही छापील पान फाटलं नाही. पाचव्या दिवशी मी गेले.  त्यांनी नेहमीसारखं "या वाचक" म्हटलं आणि मला रडू आलं.

"मी काहीच बोलले नाही," मी म्हटलं.

"चांगलं केलं," ते म्हणाले. "पुस्तकातल्या माणसाला कुणी खोली खाली कर म्हणत न्हाई. तुमाला म्हणले असते." मग म्हणाले, "पण त्या दुसऱ्या वाचकाला सांगा, गुडघा का काढला ते. मी पाह्यलं. तिनं बी पाह्यलं असंल."

त्या संध्याकाळी मी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "एवढ्या तपास, शिक्षा म्हणून." गणिताच्या वह्या होत्या. सगळ्या चुकवल्या मी.

पुढं आमची बदली अंबड तालुक्यात झाली. दोघींनी वेगवेगळे अर्ज केले, शाळा वेगळ्या मिळाल्या, पण घर एकच राहिलं. ग्रंथपाल निवृत्त होऊन मंठा सोडून गेले असं कानावर आलं. ते कुठले, त्यांचं कोण आहे, हे कुणालाच नीट सांगता येईना. लग्न झालेलं नव्हतं एवढंच माहीत होतं.

ते सापडले वडीगोद्रीला, आणि तेही योगायोगानं. मी शाळेच्या कामाला निघाले होते, जीपचं चाक बसलं. रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात जीप लावली. आत खाटेवर स्वेटर घालून एक म्हातारा काहीतरी मोठ्यानं वाचत होता आणि चाक खोलता खोलता दुकानदार हुंकार देत होता.

"या वाचक," ते म्हणाले. जणू मी कालच पुस्तक नेलं होतं.

दुकानामागं घर होतं. दुकानदार रंगनाथराव, साठीचे, हात कोपरापर्यंत काळे. त्यांची बायको केशरबाई, बुटकी, तोंडाची फटकळ. तिनं चहा दिला आणि मला उंबऱ्यातच बसवून घेतलं. मी विचारलं, "हे तुमचे कोण?" ती म्हणाली, "कोण म्हंजे? इथं राह्यतात." तीस वर्षं ते दर शनिवारी मंठ्याहून गाड्या बदलत वडीगोद्रीला येत होते आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत जात होते. निवृत्त झाले तसे येऊनच राहिले.

"गाव काही बोलत नाही?" मी विचारलं.

"पह्यले बोलायचं," केशरबाई म्हणाली. "रंगनाथला एकानं विचारलं, हा कुणाकडं येतो, तुझ्याकडं का तुझ्या बायकोकडं? ह्यो म्हणला, आमची बी तीच भांडणं हायत, तो माझ्याशीच जास्ती बोलतो म्हणून ही रुसती." ती खुदकन हसली. "खरंच रुसायची मी. सुरुवातीला लई अवघड गेलं, बाई. खोटं कशाला सांगू? रंगनाथनं मला ह्यायच्याबद्दल विचारलं तव्हा मी महिनाभर माहेरी जाऊन बसल्ते. कुणी न्यायला आलं न्हाई. मला राग आला, का येत न्हाईत म्हणून. मंग कळलं, की मला घाई करत न्हाईत. आले मी आपल्या पायानं."

मी आतल्या माणसाकडं पाहिलं. ते रंगनाथरावांना पाना शोधून देत होते आणि चुकीचा देत होते.

नंतर मी आणि सुमन वरचेवर वडीगोद्रीला जाऊ लागलो. सुमनचं आणि केशरबाईचं चांगलं जमलं. दोघी मिळून आम्हा बाकीच्यांच्या चुका काढायच्या. ग्रंथपालांनी लिहिणं सोडलं होतं. विचारलं तर म्हणायचे, "आता वेळ कुठं राह्यतो? घरात तीन माणसं हायत."

दोन हजार साल उलटून गेलं होतं. पावसाळा संपता संपता त्यांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ते गेले. मधले दोन दिवस जालन्याच्या दवाखान्यात होते, गेले ते घरीच. नर्सनं "नातेवाईक कोण?" असं विचारलं की रंगनाथराव आणि केशरबाई दोघं एकदम उठायचे, मग ती चिडायची.

आठवड्यानं केशरबाईचा निरोप आला. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायची होती. तिला वाचता येत नव्हतं आणि रंगनाथरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. अर्ज भरायला मी हवी होते.

टेबलामागं तरुण ग्रामसेवक होता. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, व्यवसाय ग्रंथपाल लिहिला. खबर देणारा म्हणून केशरबाईचं नाव घातलं. पुढचा रकाना होता : मयताशी नातं. मी थांबले.

"भाऊ लिहा," रंगनाथराव म्हणाले. "कशाला उगं?"

"भाऊ न्हाई," केशरबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "इतक्या वर्सात एकदा बी मी त्यायला भाऊ म्हणलं न्हाई. भावजी बी न्हाई. तुमी आता मेल्यावर लावू नका."

रंगनाथरावांनी मान डोलावली. मग म्हणाले, "न्हाई म्हणलं. बराबर हाय."

"मग काय लिहू?" मी दोघांना विचारलं.

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं.  ग्रामसेवकानं घड्याळ बघितलं, पण घाई केली नाही. बाहेर एक ट्रॅक्टर ऊस घेऊन गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत दोघं तसेच बसून होते.

"घरचे," केशरबाई म्हणाली. "घरचे म्हणून लिहा."

मी लिहिलं. ग्रामसेवकानं कागद घेतला, त्या रकान्याशी बोट थांबवलं. "बाई, हे नातं झालं का?"

"झालं," मी म्हटलं. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग त्या दोघांकडं. रंगनाथरावांचा काळा हात केशरबाईच्या खांद्यावर होता. त्यानं शिक्का उचलला, शाईच्या डबीवर दाबला आणि कागदावर मारला.

दाखला मिळायला आठवडा लागला. तो घेऊन मी दुकानात गेले. केशरबाईनं हात पदराला पुसून कागद हातात घेतला, उलटा धरला, सरळ केला आणि माझ्याकडं दिला.

"वाचा."

मी पहिल्यापासून वाचून दाखवला. नाव, वय, गाव. अर्जाची प्रत मागं जोडलेली होती, तीही वाचली. रंगनाथराव हातातली ट्यूब खाली ठेवून ऐकत होते. शेवटच्या रकान्यापाशी आले आणि वाचलं.

केशरबाईनं डोळे मिटले होते. ते तसेच ठेवून ती म्हणाली,

"तेवढं परत वाचा, बाई."